एकतीस हजार मेल, वजन पाचशेंचं: सांगलीतल्या एका बेदाणा पेढीचा भरलेला इनबॉक्स

दिवाळीआधी सांगली-तासगावचे बेदाणा सौदे काही आठवडे बंद ठेवायचे आणि तेवढ्यात सगळी येणी-देणी मिटवायची, ही इथली रीत. 'झिरो पेमेंट' म्हणतात त्याला. त्या दिवसांत अडत दुकानात माल कमी आणि कागद जास्त हलतो. अशाच एका आठवड्यात मार्केट यार्डातल्या एका पेढीच्या मेलवर सकाळपासून एकही पत्र आलं नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण न आलेला मेल दिसत नाही. दुपारी विश्रामबागेतून सीएंच्या ऑफिसातल्या मुलाचा फोन आला, "दिवाणजी, खातेउतारे पाठवतोय तर मेल परत यायला लागलाय. तुमचा डबा भरलाय म्हणतंय."

खातं जीमेलचं, फुकटातलं, अकरा वर्षं वापरातलं. जीएसटीची नोंदणी, बँकेचे उतारे, कोल्ड स्टोरेजच्या भाड्याची बिलं, ट्रान्सपोर्टच्या पावत्या, दिल्ली-इंदूरच्या खरेदीदारांशी झालेला पत्रव्यवहार, सगळं त्याच एका पत्त्यावर. पासवर्ड तिघांकडे: मालक, दिवाणजी आणि गोडाऊनवरचा मुलगा. हे तिसरं नाव पुढे महत्त्वाचं ठरतं.

आधी जे केलं आणि का फुकट गेलं

दिवाणजींनी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसून जाहिरातींचे सुमारे २,००० मेल एकेक पान करत पुसले. जागेचा आकडा जराही हलला नाही. मग मालकांच्या पुतण्याने इनबॉक्समधले ३,००० जुने मेल 'अर्काइव्ह' केले. इनबॉक्स चकचकीत दिसायला लागला, आकडा तोच. गोडाऊनवरच्या मुलाने आपल्या परीने मदत म्हणून फोनवरच्या गूगल फोटोजमध्ये 'फ्री अप स्पेस' दाबलं. आकडा तरीही तोच, आणि फोनमधले सौद्याचे व्हिडिओ मात्र गायब.

तिघांची मेहनत खरी, फक्त चुकीच्या जागी लागली.

पुसलेला मेल लगेच नष्ट होत नाही. तो 'ट्रॅश'मध्ये ३० दिवस पडून राहतो आणि तोवर जागा खातच राहतो. दिवाणजींचे दोन हजार मेल तिथेच होते. 'अर्काइव्ह' म्हणजे मेल इनबॉक्सच्या यादीतून बाजूला करणं. तो 'ऑल मेल'मध्ये जसाच्या तसा असतो, एक बाइटही मोकळा होत नाही. 'फ्री अप स्पेस'चं नाव तर सरळ फसवणारं आहे. ते बटण फोनची जागा मोकळी करतं, खात्याची नाही. ज्या फोटोंची प्रत गूगलकडे गेली आहे ते फोनमधून काढून टाकायचे, हे त्याचं काम. म्हणजे आता त्या व्हिडिओंची एकमेव प्रत भरलेल्या खात्यातच उरली होती.

१५ जीबी कशाकशाचे

जीमेलला फुकट मिळणारी १५ जीबी जागा एकट्या मेलची नाही. २०१३ पासून ती मेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून एकच आहे. पूर्वी कमी दर्जाचे फोटो त्यात मोजले जात नसत, ती सवलत १ जून २०२१ ला संपली. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा गूगलवरचा बॅकअपही आधी मोजला जात नसे. २०२४ पासून तोही याच १५ जीबीत येतो. म्हणून 'मेल भरला' असं जेव्हा कळतं, तेव्हा पहिलं काम मेल पुसणं नव्हे, वाटणी बघणं. ब्राउझरमध्ये गूगल वनचं 'स्टोरेज' पान उघडलं की ती दिसते. या पेढीची वाटणी अशी निघाली: मेल ७.६ जीबी, फोटोज ४.९, व्हॉट्सॲप बॅकअप १.८, ड्राइव्ह ०.७. बेरीज पूर्ण १५.

म्हणजे निम्मी जागा मेलने खाल्लेलीच नव्हती. पेढीच्या खात्यात फोटो कुठून आले? गोडाऊनच्या फोनवर प्ले स्टोअर चालू व्हावं म्हणून कधीतरी पेढीचंच खातं टाकलं होतं. फोटोजचा बॅकअप त्यासोबत सुरू झाला आणि कोणी बंद केला नाही. बेदाण्याच्या नमुन्यांचे फोटो, पेट्या उतरवतानाचे व्हिडिओ, आणि खरं सांगायचं तर दोन लग्नं आणि एक जत्रा, सगळं पेढीच्या जागेत. फुल एचडीतला एका मिनिटाचा व्हिडिओ साधारण १०० एमबी होतो. असे दहा व्हिडिओ म्हणजे एक जीबी. व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच फोनचा, 'व्हिडिओसह' ही खूण चालू असलेला.

परत गेलेले मेल: कोणते येतात, कोणते येत नाहीत

खातं भरलं की पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला जीमेल बहुतेक वेळा ४५२ क्रमांकाचं उत्तर देतं. मेलच्या भाषेत ४ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे 'आत्ता नाही, थोड्या वेळाने बघा', आणि ५ ने सुरू होणारा म्हणजे 'नाही, परत येऊ नका'. ४५२ मिळाल्यावर पाठवणारा सर्व्हर ठरावीक वेळाने पुन्हा प्रयत्न करत राहतो. असे प्रयत्न चार-पाच दिवस करावेत असा प्रघात आहे, पण प्रत्येक सर्व्हर तो पाळतोच असं नाही. काही तासांतच हात टेकणारेही असतात. ५५२ हा 'जागा संपली आहे आणि खातं वापरातही नाही' असा पक्का नकार.

याचा व्यवहारातला अर्थ असा. जागा पहिल्या दिवशीच थोडी तरी मोकळी केली, तर अडकलेले बरेच मेल आपोआप येतात. आठवडा गेला तर कोणाचं काय परत गेलं याची यादी गूगल देत नाही, पाठवणाऱ्यांनाच विचारावं लागतं. या प्रकरणात मेल थांबल्यापासून सुमारे ३० तासांत दार उघडलं. त्या रात्री अकरा मेल आपसूक आले. सीएंचे खातेउतारे आणि एका कोल्ड स्टोरेजचं बिल मात्र आलं नाही, ते फोन करून पुन्हा मागवावं लागलं. झिरो पेमेंटच्या आठवड्यात ज्या ज्या पार्टीकडून काही यायचं होतं, त्या प्रत्येकाला दिवाणजींनी फोन केला. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

पहिला दिवस: बिनधोक ती जागा

निर्णय न घेता जे पुसता येतं ते आधी. 'स्पॅम' रिकामा केला. मग 'ट्रॅश' नुसता वरवर चाळला आणि 'एम्प्टी ट्रॅश नाऊ' दाबलं. दोन्ही मिळून ०.३ जीबी मोकळे झाले. दिवाणजींची आदल्या दिवशीची मेहनत इथे कामी आली. एवढ्या ३०० एमबीवर मेल यायला लागले. जागेचा आकडा लगेच बदलत नाही, कधी एक दिवसही लागतो. मेल येतोय का हे बघायचं तर दुसऱ्या खात्यावरून एक चाचणीचा मेल पाठवावा, आकड्याकडे टक लावून बसू नये.

पुतण्याचा प्रस्ताव होता की १०० जीबीची जागा विकत घ्यावी, महिना १३० रुपये फक्त. घाईच्या आठवड्यात एका महिन्यापुरती घ्यायला हरकत नसते, त्यात कमीपणा नाही. पण व्हिडिओ ज्या वेगाने येत होते, त्या वेगाने शंभरही भरणार होते. आणि योजना बंद केली की वापर १५ च्या वर असेपर्यंत मेल पुन्हा थांबतो. मर्यादेच्या वर दोन वर्षं राहिलं तर खात्यातला मजकूर पुसण्याचा हक्क गूगलने स्वतःकडे ठेवला आहे. मालकांनी जागा घेतली नाही.

फोटो आणि व्हॉट्सॲप

इथे क्रम चुकला की नुकसान होतं. आधी गोडाऊनच्या फोनवर फोटोज ॲपमध्ये कोपऱ्यातल्या चित्रावर टिचकी मारून सेटिंग्जमधला 'बॅकअप' बंद केला. तो चालू असताना वेबवरून फोटो पुसला तर फोनमधूनही जातो. मग संगणकावर फोटोजचं 'मॅनेज स्टोरेज' पान उघडलं. मोठे व्हिडिओ तिथे वजनाच्या उतरत्या क्रमाने लागतात. चालू हंगामातल्या नमुन्यांचे व्हिडिओ आधी संगणकावर उतरवले, कारण रंगावरून किंवा ओलाव्यावरून खरेदीदाराने कुरकुर केली तर तेच दाखवायचे असतात. लग्नाचे व्हिडिओ त्या मुलाला पेनड्राइव्हवर दिले. मग पुसलं आणि फोटोजची 'बिन'ही रिकामी केली. तिथे पुसलेले फोटो ६० दिवस राहतात. ४.९ जीबीचे ०.५ झाले.

व्हॉट्सॲपसाठी फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे जाऊन बॅकअपचं गूगल खातं बदललं आणि त्या मुलाचं स्वतःचं टाकलं, व्हिडिओची खूण काढली. नवा बॅकअप पूर्ण झाल्याचं बघितलं आणि मगच पेढीच्या ड्राइव्हमधल्या 'बॅकअप्स'मधून जुना काढला. उलट केलं असतं आणि मधल्या वेळात फोन पडला असता, तर गोडाऊनची सगळी बोलणी गेली असती. १.८ जीबी मोकळे.

ड्राइव्हमध्ये फार काही नव्हतं. कुणीतरी तीनदा चढवलेली एकच टॅलीची, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरची, बॅकअप फाइल होती. दोन काढल्या, ०.३ जीबी सुटले.

मेल: काट्यावर चढवा

यार्डात पेट्या मोजून कोणी पैसे देत नाही, माल काट्यावर चढतो. मेलचंही तेच करायला हवं. या खात्यात सुमारे ३१,००० मेल होते. जाहिराती त्यातल्या ९,३०० आणि त्यांचं वजन सगळं मिळून ०.६५ जीबी, कारण एक जाहिरात सरासरी ७० केबी. उलट १० एमबीपेक्षा जड असे मेल २१४, त्यांचं वजन २.८ जीबी. ५ ते १० एमबीमधले २९० मेल, वजन २ जीबी. म्हणजे ५०४ मेल, शंभरात दोनसुद्धा नाहीत, आणि मेलच्या जागेतला ६३ टक्के वाटा त्यांचा. जाहिराती पुसत बसणं म्हणजे काडीकचरा वेचत बसणं. गोडाऊन पेट्यांनी भरलेलं असतं.

अडचण अशी की जड तेच कामाचे. या ५०४ मेलमध्ये बहुतेक सगळी स्कॅन केलेली बिलं, भाड्याचे उतारे, बिल्ट्या. डोळे झाकून पुसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायची असतात. मुदत आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजली जात नाही, विवरणपत्राच्या तारखेपासून मोजली जाते, आणि इथेच लोक नऊ महिने ते वर्षभर कमी धरतात. उदाहरणार्थ २०२१-२२ चं वार्षिक विवरणपत्र भरायची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२२ होती, म्हणजे त्या वर्षाची बिलं डिसेंबर २०२८ पर्यंत हवीत. २०१९-२० ची तारीख वाढून ३१ मार्च २०२१ झाली होती, ती मार्च २०२७ पर्यंत. एखादं अपील चालू असेल तर निकालानंतर आणखी एक वर्ष, किंवा मूळ मुदत, जी लांबची असेल ती. नोंदी संगणकावर असतील तर त्यांची नीट बॅकअप प्रत ठेवणंही नियम ५७ प्रमाणे बंधनकारक आहे. बिलं मेलवर आहेत म्हणून ती जपली गेली असं धरून चालता येत नाही.

म्हणून ठरलं असं: आधी सगळं उतरवायचं, उतरलं का ते तपासायचं, मग पुसायचं.

उतरवताना

दिवाणजींचं म्हणणं होतं, "कॉम्प्युटरवर आउटलुकमध्ये सगळे मेल दिसतात की, म्हणजे प्रत आहेच." नाही. त्यांचं आउटलुक आयमॅप पद्धतीने जोडलेलं होतं. आयमॅप म्हणजे आरसा. सर्व्हरवर जे आहे ते इथे दिसतं, तिथून पुसलं की पुढच्या जुळणीला इथूनही जातं. ही समजूत अनेक दुकानांत आढळते आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

सुरक्षित रस्ता गूगल टेकआउटचा, म्हणजे खात्यातला मजकूर उतरवून घ्यायच्या गूगलच्याच सोयीचा. टेकआउटच्या पानावर आधी सगळ्यांच्या खुणा काढल्या, मग फक्त 'मेल'वर खूण केली. पाठवण्याच्या पर्यायांत 'लिंक मेलवर पाठवा' निवडलं. 'ड्राइव्हमध्ये ठेवा' हा पर्याय पुतण्याने आधी दाबून पाहिला होता आणि तो अडकला. साहजिक आहे, भरलेल्या कोठीतला माल त्याच कोठीत दुसऱ्यांदा कसा मावणार? फाइलचा आकार १० जीबी निवडला, म्हणजे तुकडे होत नाहीत. तीन-चार तासांनी लिंक आली. ती आठवडाभरच चालते, म्हणून त्याच दिवशी उतरवली.

झिप उघडल्यावर आत एमबॉक्स नावाच्या प्रकारातली एक मोठी फाइल मिळते, ७ जीबीच्या वर. ती पेनड्राइव्हवर टाकायला गेले तर 'फाइल फार मोठी आहे' असा नकार आला, पेनड्राइव्हवर ३० जीबी मोकळे असताना. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा होता. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केल्यावर बसली.

आता तपासणी, जी बहुतेक जण टाळतात. संगणकावर थंडरबर्ड हे मेल वाचायचं सॉफ्टवेअर बसवलं आणि एमबॉक्स फाइल त्यातल्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये आयात केली. लोकल फोल्डर्स म्हणजे खरोखर या संगणकावरची जागा, आरसा नव्हे. मेलची संख्या जीमेलच्या संख्येशी जुळवली. मग वेगवेगळ्या वर्षांतले बारा मेल उघडले आणि त्यांच्या जोडण्याही (अटॅचमेंट) उघडल्या. नुसता मेल दिसतो म्हणजे पीडीएफ उघडते असं नाही. दोन प्रती केल्या, एक काउंटरच्या संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. हार्ड डिस्क मालकांच्या घरी पहिल्या मजल्यावर गेली. २०१९ चा पूर पाहिलेल्या गावाला त्याचं कारण सांगायला नको.

पुसताना

पुसण्याआधी एक मांडणी बदलणं अत्यावश्यक आहे. जीमेल एका विषयावरचे सगळे मेल एका ओळीत गुंफून दाखवतं. शोध जड मेलचा केला तरी पुसताना ती अख्खी माळ जाते. दिवाणजींनी सुरुवातीला असंच एक जडसं बिल काढलं. त्याच माळेत कोल्ड स्टोरेजशी ठरलेल्या भाड्याच्या दराचा, अवघ्या ८ केबीचा मेल होता, तोही गेला. ट्रॅश रिकामा केलेला नव्हता म्हणून परत मिळाला. उपाय: वरच्या चाकावर टिचकी, 'सी ऑल सेटिंग्ज', 'जनरल', तिथे 'कॉन्व्हर्सेशन व्ह्यू ऑफ', आणि सगळ्यात खाली जाऊन 'सेव्ह चेंजेस'. खाली जायला विसरलं की काहीच बदलत नाही.

मग शोध. शोधपट्टीत इंग्रजी अक्षरांत लार्जर, कोलन, ५ आणि एम, मध्ये जागा न सोडता. आकडेही इंग्रजीच. त्यापुढे एक जागा सोडून बिफोर, कोलन आणि चालू आर्थिक वर्षाची १ एप्रिल ही तारीख, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तिरक्या रेघांनी. टाइप करायचा कंटाळा असेल तर शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर आकार आणि तारखेचे रकाने मिळतात. जे मेल हाताशी हवेतच त्यांना आधी तारा लावला आणि शोधात वजाबाकीचं चिन्ह देऊन इज, कोलन, स्टार्ड जोडलं, म्हणजे तारावाले वगळले जातात.

यादीच्या वरच्या चौकटीत खूण केली की फक्त पानावरचे ५० निवडले जातात. त्याच वेळी वर एक बारीक ओळ येते, 'सिलेक्ट ऑल... दॅट मॅच धिस सर्च' अशी. ती दाबली तरच सगळे. ही सोय संगणकावरच्या ब्राउझरमध्ये वापरावी. दिवाणजींचे दोन हजार मेल एकेक पान करत जायचं कारण ही ओळ त्यांच्या नजरेतून सुटली होती.

५०४ पैकी चालू वर्षाचे आणि तारावाले ७० ठेवले, बाकीचे गेले, ४.१ जीबी. तोच शोध पुसण्याआधी 'सेंट'मध्ये करून बघितला, तर बरेचसे मेल तिथलेच असल्याचं दिसलं. आपण पाठवलेली जोडणीही आपल्याच जागेत बसते, हे सहज विसरलं जातं. एकच भाड्याचा उतारा सीएंना, दलालाला आणि मालकांच्या खाजगी पत्त्यावर फॉरवर्ड केला, तर आलेली एक आणि गेलेल्या तीन, अशा चार प्रती. उत्तर देताना, म्हणजे 'रिप्लाय'मध्ये, जोडणी पुन्हा जात नाही. फॉरवर्डमध्ये जाते. मेल ठेवून फक्त जोडणी पुसायची सोय जीमेलमध्ये नाही, हे मात्र खटकतं.

शेवटी जाहिराती: कॅटेगरी, कोलन, प्रमोशन्स असा शोध, सगळे निवडले, पुसले. दोन मिनिटांचं काम. मध्येच 'पुन्हा प्रयत्न करा' असा संदेश आला, पुन्हा दाबलं, झालं. एकूण ट्रॅश आठवडाभर तसाच ठेवला. तोवर हवा असलेला एखादा मेल परत काढता आला असता. सातव्या दिवशी रिकामा केला. मेल ७.६ वरून २.६ जीबीवर आला, एकूण वापर ३.५ जीबी.

जड मेल जन्माला कुठे येत होते

ही पेढीच्या काउंटरवरची गोष्ट, आणि खरं कारण तिथेच होतं. टॅलीतून बिल निघतं, त्याचा प्रिंट काढतात, शिक्का मारतात, मग स्कॅन करून पाठवतात. स्कॅनरची मांडणी ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, आणि रंगीत. कधीतरी कुणाचा फोटो स्कॅन करायला ती लावली होती आणि तशीच राहिली. ए-४ कागद ६०० डीपीआयला स्कॅन केला की ४,९६० गुणिले ७,०१६ ठिपके होतात, साडेतीन कोटींच्या आसपास. २०० डीपीआयला १,६५४ गुणिले २,३३९, म्हणजे नवव्या हिश्श्याएवढे. त्यात रंगाऐवजी राखाडी केलं की प्रत्येक ठिपक्यामागे तीन आकड्यांऐवजी एकच साठवायचा. बिलातला आकडा, शिक्का आणि सही वाचायला २०० राखाडी पुरेसं आहे.

नऊ पानांचा एक भाडे-उतारा जुन्या मांडणीत ९ एमबीचा होता. मेलने जाताना जोडणी मजकुराच्या रूपात बदलली जाते आणि दर तीन बाइटचे चार होतात, म्हणून मेलचं वजन १२ एमबी. तोच उतारा नव्या मांडणीत स्कॅन करून बघितला, १.६ एमबी. ज्या बिलांवर शिक्क्याची गरज नाही, ती आता टॅलीतूनच सरळ पीडीएफ जातात. त्या १०० केबीच्या आत असतात.

जीमेलमध्ये एक गाळणीही (फिल्टर) लावली: आकार ५ एमबीपेक्षा जास्त असेल तर 'जड' हे लेबल. गाळणीला पुसण्याचा हुकूम दिलेला नाही, तो देऊही नये. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जुन्या वर्षाचा 'जड' ढीग टेकआउटमधून उतरवायचा, तपासायचा आणि मग काढायचा. टेकआउटमध्ये लेबलनिहाय निवड करता येते, सगळं खातं दरवेळी उतरवावं लागत नाही. गोडाऊनच्या फोनवर वेगळं खातं टाकलं, पेढीचा पासवर्ड बदलला, तो आता दोघांकडे आहे.

दिवाळीनंतर सौदे सुरू झाल्यावर सहा आठवड्यांनी वापराचा आकडा ३.६ जीबी होता. मध्यंतरी एकदा मात्र 'जड' लेबलखाली एकाच दिवशी चार मेल दिसले. संगणकाला नवा प्रिंटर जोडताना स्कॅनरचा ड्रायव्हर नव्याने बसला होता आणि मांडणी परत ६०० रंगीतवर गेली होती. दिवाणजींनी स्कॅनरच्या झाकणावर आता कागद चिकटवलाय: '२०० ग्रे. बघूनच दाबा.'